नियतीच्या नावाने घेतलेला मुलूख

विशाखापट्टणमचं बंदर 1933 मध्ये सुरू झालं. ते बांधण्यामागे एक मोठा हिशेब होता: मध्य प्रांतातला मँगनीजचा दगड कमी भाड्यात समुद्रापर्यंत नेण्याचा. त्यासाठी रायपूर ते विजयनगरम असा लोहमार्गही नुकताच पुरा झाला होता. भंडारा जिल्ह्यात तुमसरच्या उत्तरेला चिखला, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्ग ही गावं ज्या पट्ट्यावर वसली आहेत, तोच हा दगडाचा पट्टा. नागपूर जिल्ह्यातून निघून तो बालाघाटपर्यंत जातो. सातपुड्याच्या पायथ्याच्या खाणींसाठी शेकडो मैलांवर बंदर उभं करायचं, तर हाताशी साम्राज्य लागतं. ते मिळवणाऱ्यांची भाषा मात्र भाड्याची नि मालाची नसे. ती असे ईश्वरी योजनेची आणि नियतीची.

1845 मध्ये न्यूयॉर्कचे पत्रकार जॉन ओसुलिव्हन यांनी टेक्सास गिळंकृत करण्याच्या समर्थनार्थ लिहिलं, की अख्खा खंड व्यापणं ही अमेरिकेची स्वयंसिद्ध नियती आहे. 1899 मध्ये फिलिपिन्सच्या निमित्ताने रुडयार्ड किपलिंगने परक्या मुलखांवरचं राज्य हे गोऱ्या माणसाच्या खांद्यावरचं ओझं ठरवलं. या किपलिंगच्या मोगलीचं रान भंडाऱ्यापासून जवळच्या सिवनीचं. म्हणजे नियतीची भाषा बोलणारे आपल्याला अगदीच परके नव्हते. चिखल्याच्या परिसरात गेल्या तीनशे वर्षांत मालक बदलत गेले. प्रत्येक वेळी ‘हे होणारच होतं’ असं नंतर सांगितलं गेलं. पण बारकाईने पाहिलं तर दुसरा मार्ग समोर होता आणि तो जाणूनबुजून नाकारला गेला.

आधी आपलंच घर

सुरुवात इंग्रजांपासून केली तर सोयीचं होईल, खरं होणार नाही. हा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा. चांद सुलतानच्या मृत्यूनंतर वारसांत तंटा लागला, मदतीसाठी रघुजी भोसल्यांना बोलावणं गेलं, आणि 1743 पर्यंत मदतनीसच धनी झाले. गोंड राजा बुऱ्हाणशहा तनखा घेऊन नागपुरात राहिला. बळी तो कान पिळी, एवढंच त्यामागचं तत्त्वज्ञान. त्याच काळात रघुजींच्या फौजा बंगालवर जात होत्या. 1751 च्या तहाने बंगालच्या नवाबाने 12 लाखांची चौथाई कबूल केली आणि ओडिशा भोसल्यांच्या ताब्यात आला. आपण अटकेपारचे झेंडे अभिमानाने आठवतो. बंगालमधल्या आया मात्र बर्गी, म्हणजे मराठा स्वार, आल्याचं गाणं म्हणत मुलांना निजवत आल्या. गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात या स्वाऱ्यांनी केलेली गावांची दैना नोंदलेली आहे. विस्तार झेंड्याकडून पाहिला तर पराक्रम दिसतो, गावाकडून पाहिला तर लूट दिसते. इंग्रजांना लावायचा हा गज भोसल्यांनाही लावलाच पाहिजे.

दत्तक नामंजूर

भोसल्यांच्या राज्याला 1803 पासून उतरती कळा लागली. देवगावच्या तहात कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला. 1817 मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती कारभार गेला. 1830 पर्यंत तो टप्प्याटप्प्याने तिसऱ्या रघुजींना परतही मिळाला. याचा अर्थ दिलेलं राज्य चालू ठेवणं इंग्रजांना अशक्य नव्हतं.

11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघुजी वारले. औरस मुलगा नव्हता. नागपूरचा रेसिडेंट मॅन्सेल दत्तकाला अनुकूल होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने ते मानलं नाही आणि 1854 मध्ये राज्य खालसा झालं. सातारा 1848 मध्येच गेला होता, झाशी याच सुमारास गेली. डलहौसीच्या टिपणात न्यायाच्या गोष्टी आहेतच, पण कापसाचीही आहे: इंग्लंडच्या गिरण्यांना हव्या असलेल्या कापसाचा मोठा प्रदेश कंपनीच्या हाती येणार होता. पुढे 1867 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. ‘वारस नाही’ हे कारण दरबारात वाचायला होतं, कापूस हे कारण हिशेबाच्या वहीत.

त्यानंतर राजवाड्यातल्या चीजवस्तूंचा लिलाव झाला. हत्ती-घोडे-बैल सीताबर्डीवर मातीमोल भावाने विकले गेले, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेलं. भोसले घराण्यातल्या वृद्ध बाकाबाईंनी विरोध केला, पण ऐकतो कोण?

खरी मेख पुढेच आहे. 1857 च्या उठावाने कंपनीचं धाबं दणाणलं. राणीच्या 1858 च्या जाहीरनाम्यानंतर व्हाइसरॉय कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या. ज्या तत्त्वावर नागपूर गेलं, ते तत्त्व दहा वर्षांच्या आत सरकारनेच गुंडाळून ठेवलं. भोसल्यांच्या दत्तकपुत्राला ‘देऊरचे राजेबहादूर’ हा किताबही मिळाला. दत्तक म्हणून मान्यता मिळाली, राज्य मात्र मिळालं नाही. जी नियती एका बंडाने बदलते, तिला धोरण म्हणायचं.

जे कोणालाच ठाऊक नव्हतं

कापसासाठी घेतलेल्या या मुलखाच्या पोटात मँगनीज आहे, याचा विचार डलहौसीच्या कागदांत कुठून येणार? तेव्हा पोलादाला त्याची एवढी गरजच नव्हती. बेसेमरची पद्धत 1856 ची. तिने पोलाद स्वस्त झालं, पण त्यात राहिलेल्या प्राणवायूने आणि गंधकाने ते ठिसूळ होई. रॉबर्ट मशेटने मँगनीजयुक्त लोखंड घालून तो दोष काढला. 1882 मध्ये हॅडफिल्डने मँगनीजचं प्रमाण वाढवून झिजेला दाद न देणारं पोलाद काढलं. रुळांच्या सांध्यांना नि क्रॉसिंगला ते लागू लागलं. तिथून जगभर या काळ्या दगडाचा शोध सुरू झाला.

हा दगड हातात घेतला की आधी त्याचं वजन जाणवतं: तेवढ्याच पाण्याच्या साधारण साडेचारपट. डोंगरी बुजुर्गकडचा मऊ प्रकार बोटं काळी करतो. तो बॅटरीच्या कामाचा. चिखल्याचा दगड अभ्रकी खडकांच्या थरांत तिरका उतरत गेलेला, म्हणून तिथे जमिनीखाली उतरून खोदावं लागतं. सुरुवातीच्या खाणी उघड्या होत्या. घणाने फोडायचा, हाताने निवडायचा, मोजून ढीग लावायचे. भूगर्भशास्त्रज्ञ लुईस फर्मोर यांनी 1909 मध्ये देशभरच्या मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हा पट्टा तपशिलाने आला आहे.

खाणी चालवणारी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट 1896 ची, पुढे ती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. कंपनी ब्रिटिश होती. पहिल्या महायुद्धाआधी मँगनीजच्या उत्पादनात भारत आणि रशिया यांच्यात जगात पहिल्या क्रमांकासाठी चढाओढ असे. माल मात्र कच्चाच जाई. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा लोहमार्ग पाहा: गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग, चिखला. त्याची आखणीच खाणी कुठे आहेत हे सांगते. दगड इथला, घाम इथला. पोलाद आणि नफा तिकडचा.

झेंडा आणि भागभांडवल

1947 मध्ये झेंडा बदलला. भागभांडवलाला वेळ लागला. 1962 मध्ये मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड, म्हणजे आजची मॉइल, स्थापन झाली. केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकार मिळून 51 टक्के, जुन्या ब्रिटिश कंपनीकडे 49. तो उरलेला हिस्सा 1977 मध्ये सरकारकडे आला. स्वातंत्र्यानंतर तीस वर्षांनी चिखल्याच्या दगडावरचा परका हक्क संपला. तो संपला वाटाघाटींनी आणि करारांनी, कोणत्याही भाकिताने नाही.

आज विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी मँगनीजला पुन्हा मागणी आहे आणि अमेरिकेने त्याला महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत घातलं आहे. गॅबनमध्ये फ्रेंच कंपनीच्या खाणी आहेत. तिथल्या सरकारने 2029 पासून कच्चं मँगनीज बाहेर पाठवणं थांबवण्याचं जाहीर केलं आहे. ते जमेल की नाही, हे काळ सांगेल. पण निदान प्रश्न योग्य विचारला आहे: दगड कोणाचा आणि पक्का माल कुठे होणार? महासत्ता होणं हे अमुक देशाच्या ललाटीच लिहिलंय, असं कोणी सांगू लागलं, मग ते वॉशिंग्टनहून असो, बीजिंगहून असो की आपल्याच व्यासपीठावरून, तेव्हा आपणही हाच प्रश्न विचारावा. भंडारा जिल्ह्याला तो विचारण्याचा हक्क इतिहासाने दिला आहे.