आपले आणि परके

वाशीम जिल्ह्यात संत्र्याचे कलम करताना जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. दोघे एकाच कुळातले. म्हणून खुंट त्या डोळ्यास आपलासा करतो. मनुष्यदेह मात्र इतका उदार नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी या देहाच्या पहारेकरी होत. रोगजंतू काय किंवा दुसऱ्याचे मूत्रपिंड काय, त्यांना दोन्ही परकेच. त्या दोहोंवर तुटून पडतात.

१९५४ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले. ते भाऊ अगदी एकरूप असल्यामुळे पहारेकरी स्वस्थ राहिले. १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले; परंतु रुग्ण काही तासच जगला. अवयव बसविणे एक आणि तो टिकविणे दुसरे, हे त्या काळी जगभरच्या वैद्यांना उमगले.

पुढे मातीतील एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हे औषध मिळाले. ते पहारेकऱ्यांचा आवेश आवरते. असे औषध रुग्णास नित्य घ्यावे लागते. ते कमी पडले तर अवयव निकामी होतो. अधिक झाले तर साधा रोगजंतूही डोईजड होतो. दात्याने दिलेले दान असे दररोज जपावे लागते.