नाव कापलेली चित्रे

गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या भाच्याने आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर चार चौकटींची एक चित्रकथा टाकली. पहिल्या चौकटीत शेतकरी आभाळाकडे पाहतो, दुसरीत आभाळ शेतकऱ्याकडे पाहते, तिसरीत दोघे मिळून फोनवरचा हवामानाचा अंदाज पाहतात आणि चौथीत नुसते बुजगावणे उरते. ते हसत असते. चित्राची खालची कड सरळ कापलेली होती. ते कोणाचे, हे मला कड नसतानाही कळले, कारण त्या बुजगावण्याचा शर्ट मी ओळखतो. काढणारा मुलगा माझा जुना विद्यार्थी, घाटंजी तालुक्यातला. फोनच्या काचेवर बोटाने चित्रे काढतो आणि आठवड्याला एक टाकतो.

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, चित्र माहं हाय, पन फिरते ते बिननावाचं. पुन्याहून फिरून माह्याच गावात आलं, तं लोकं मलेच दाखवून रायले."

यवतमाळच्या माणसाला यातली गोम लगेच कळते. जिनिंगच्या आवारात गाडी रिकामी झाली, कापूस गंजीवर गेला की तो कोणाच्या वावरातला हे कोणी सांगू शकत नाही. पण तिथे निदान गंजीआधी काटा असतो आणि काट्याची पावती मिळते. चित्राला पावती नाही. कायद्यात आहे, म्हणायला. 1957च्या कॉपीराइट कायद्याचे 57वे कलम कर्त्याला 'हे माझे' असे सांगण्याचा हक्क देते. तो हक्क कलाकृती विकली तरी जात नाही आणि त्यासाठी नोंदणीचीही अट नाही. परंतु शंभर गटांत पसरलेल्या चित्रामागे वकील लावणार कोण? म्हणून अशा एकट्या चित्रकारांनी आजवर आपली नावे कशी टिकवली, याचा शोध घ्यायचे मी ठरवले. शोध घेताना एकटा टिकलेला फारसा कोणी सापडला नाही. जे टिकले ते कोणाच्या ना कोणाच्या सोबतीने.

वेबकॉमिक म्हणजे छापखाना, संपादक आणि वितरक यांना वगळून थेट महाजालावर प्रसिद्ध होणारी चित्रकथा. दाराशी कोणी अडवत नाही, हा तिचा मोठा गुण, आणि तिची अडचणही तिथेच सुरू होते. सर्वांनाच प्रवेश असल्यावर तुमच्याकडे वळून पाहणार कोण? अमेरिकेतल्या पहिल्या पिढीने यावर साधा उपाय केला. प्रत्येकाने आपल्या पानावर दुसऱ्याच्या पानाचा दुवा ठेवला. एखादा आजारी पडला तर त्या आठवड्याची चित्रकथा मित्राने काढून द्यायची, म्हणजे वाचकाची सवय मोडत नाही आणि मित्राची ओळखही होते. आपल्याकडच्या सावडीसारखेच हे. आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या.

यात गणित आहे. समजा, पाच जणांचे प्रत्येकी तीनशे वाचक आहेत. एकत्र आल्यावर ते पंधराशे होत नाहीत, कारण बरेच वाचक सामाईक असतात. पण प्रत्येकाला असे काही शे वाचक दिसू लागतात, ज्यांना चौकटी वाचायची सवय आधीच लागलेली आहे. जाहिरातीने आलेला माणूस एकदा पाहून जातो. दुसऱ्या चित्रकाराने पाठवलेला माणूस पुढच्या आठवड्यात परत येण्याची शक्यता जास्त, कारण तो एका विश्वासावर आलेला असतो. एकत्र येण्याचे सारे मोल या फरकात आहे.

2000 साली 'कीनस्पॉट' नावाचा असा समूह उभा राहिला. अनेक चित्रकथा एका छत्राखाली आणि जाहिरातीचे उत्पन्न वाटून. 2002मध्ये जोई मॅनली यांनी 'मॉडर्न टेल्स' काढले. तिथे वर्गणी भरून चित्रकथा वाचायच्या होत्या. 2005मध्ये कीनस्पॉटमधल्याच काही जणांनी बाहेर पडून 'ब्लँक लेबल' हा लहान गट केला. आमच्या जिल्ह्याला ही गोष्ट परकी वाटू नये. 1972 साली कापसाची एकाधिकार खरेदी योजना आली, ती शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवण्यासाठी. पण पलीकडे भाव बरा दिसला की पैनगंगा ओलांडून कापूस आदिलाबादकडे जायचाच. छत्र मोठे झाले की खालच्या माणसाला आपला वाटा दिसेनासा होतो, मग तो कापसाचा असो की जाहिरातीचा.

पुढे चित्रकारांच्या स्वतःच्या पानांचा काळच ओसरला. वाचकाला आवडत्या पानांवरचे नवे लेखन एके ठिकाणी आणून देणारे 'गूगल रीडर' 1 जुलै 2013 रोजी बंद झाले. वाचक मोठ्या कंपन्यांच्या अंगणात राहू लागला आणि चित्रकारही तिथे भाड्याने राहायला गेले. भाड्याच्या घराचे काय होते, ते 29 जून 2020 रोजी दिसले. टिकटॉकवर बंदी आली आणि आपल्या खेड्यापाड्यांतल्या पोरांनी जमवलेले लाखो पाहणारे एका रात्रीत गेले. बंदी योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. मला एवढेच दिसते की त्या लाखांपैकी एकाचाही पत्ता त्या पोरांच्या वहीत नव्हता.

भारतातही गट झाले. दिल्लीत ओरिजित सेन, सारनाथ बॅनर्जी, विश्वज्योती घोष, परिस्मिता सिंग आणि अमिताभ कुमार या पाच जणांनी 'पाओ' हा गट केला. त्यांचा चित्रकथासंग्रह 2012मध्ये पेंग्विनने काढला. 2016 साली दक्षिण आशियाई स्त्री-चित्रकारांचा 'कडक' हा गट पुढे आला. नाव चहावरून, आणि स्वभावावरूनही. मुंबईच्या मीरा मल्होत्रा त्यात आहेत. या आठ जणींपैकी प्रत्येकीचे काम निराळे. तेच एका टेबलावर मांडल्यावर त्याला एक चेहरा आला. पुढे त्यांनी लोकवर्गणीतून एक जाडजूड संग्रहही काढला. दोन्ही गटांचा मुख्य व्यवहार मात्र इंग्रजीत. घाटंजीच्या पोराला त्यात जागा कुठे?

त्याची जागा शोधायला मला मागे जावे लागले, थेट तुमच्या हातात आत्ता आहे त्या वस्तूपर्यंत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि एक प्रथा सुरू झाली. कथा-कवितांच्या शेजारी व्यंगचित्रांनीही या अंकांत घर केले. शि. द. फडणीसांच्या मुखपृष्ठांसाठी 'मोहिनी' घेणारी घरे होती. 'आवाज'ची खिडकीचित्रे वडीलधाऱ्यांपासून लपवून पाहणारी आमची पिढी होती (लपवणारे आणि ज्यांच्यापासून लपवायचे ते, दोघेही तोच अंक वाचत). दिवाळी अंक हा एका अर्थाने चित्रकारांचा वार्षिक सामाईक फडच. कोणा एकासाठी घेतलेल्या अंकात इतर दहा जण भेटत. मनोहर सप्रे चंद्रपुरात राहिले. मुंबई-पुण्याला बिऱ्हाड न हलवता त्यांची रेषा महाराष्ट्रभर पोचली, आणि कोपऱ्यातली त्यांची सही कोणी कापली नाही. कापण्यासाठी अंकच फाडावा लागला असता. 21 नोव्हेंबर 1991 रोजी 'सकाळ'मध्ये सुरू झालेल्या चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या 'चिंटू'लाही दैनिकाचे छत्र होते. 'कार्टूनिस्ट्स कंबाईन' ही मराठी व्यंगचित्रकारांची संघटनाही आहे, पण तिची घडण मुख्यतः छापील पानाच्या काळातली.

छत्र नसेल तेव्हा काय करायचे, याचा धडा मला चित्रकारांपेक्षा कवींकडे मिळाला. 1950च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी 'शब्द' चक्रमुद्रित करून काढले. 1976 साली कोलटकर, आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी मुंबईत 'क्लिअरिंग हाऊस' सुरू केले. चौघांची चार पुस्तके त्याच वर्षी निघाली, त्यांतले एक 'जेजुरी'. कोलटकर जाहिरातक्षेत्रातले, त्यामुळे पुस्तकांच्या रूपाची चिंता नव्हती. विक्रीचा आधार आगाऊ मागणी नोंदवणाऱ्या वाचकांचा होता. म्हणजे वाचकांची यादी कवींच्या स्वतःच्या हातात. टिकटॉकवाल्यांजवळ नव्हती ती हीच वही.

सोबतीची आणखी एक गरज आहे, तिच्याविषयी कमी बोलले जाते. डिसेंबर 2011मध्ये असीम त्रिवेदी यांचे व्यंगचित्रांचे संकेतस्थळ मुंबई पोलिसांकडे तक्रार गेल्यावर बंद झाले. सप्टेंबर 2012मध्ये त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांची सगळीच चित्रे मला आवडली असे नाही. पण तेव्हा आवाज उठला, राजद्रोहाचे कलम मागे घेतले गेले आणि 2015मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम केव्हा लावू नये याची चौकट आखून दिली. तालुक्याच्या गावात बसून स्थानिक पुढाऱ्याचे चित्र काढणाऱ्या पोरासाठी इतका आवाज कोण उठवील? त्याच्यासोबत चार जण असतील, तर निदान रात्री फोन कोणाला करायचा, एवढे ठरलेले असते.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. त्याने निम्मे ऐकले, पण दोन महिन्यांत वणी, पुसद, दारव्हा अशा ठिकाणचे सहा जण गोळा केले. सहीची जागा बदलायची, हे पहिले ठरले. सही आता कडेला नसते. ती बैलाच्या झुलीवर, पाण्याच्या टाकीवर किंवा एसटीच्या पाटीवर, चित्राच्या पोटात असते. कापायची तर चित्रच बिघडते. दुसरे असे की ज्याचा वार त्याचे चित्र, आणि बाकीच्या सहांनी ते आपापल्या वाचकांना नावासकट पाठवायचे. तिसरी गोष्ट म्हणजे वही. कोणी चित्र आवडले म्हणून कळवले की त्याला विचारून त्याचा नंबर वहीत उतरवायचा. ही वही एका मुलीकडे आहे, कारण तिचे अक्षर चांगले आणि तिच्यावर सगळ्यांचा विश्वास.

आता त्यांना दिवाळीत पुस्तिका काढायची आहे. ए-फोर कागद तीनदा दुमडून मध्ये एक काप दिला की आठ पानी पुस्तिका होते. झेरॉक्सचा खर्च निघून दहा रुपयांना देता येते. सात पाने सात जणांची आणि आठवे मुखपृष्ठ, इतके बिनविरोध ठरले. पण मुखपृष्ठावर पहिले नाव कोणाचे, यावर गाडी अडली. वयाने, वर्णक्रमाने, की ज्याने गट जमवला त्याचे? मी वर्णक्रम सुचवला, तर ज्याचे नाव 'ह'वरून सुरू होते तो दोन दिवस बोलला नाही. शेवटी त्या वहीवाल्या मुलीने तोड काढली. सात प्रकारची मुखपृष्ठे करायची, प्रत्येकावर वेगळे नाव पहिले. झेरॉक्सवाला म्हणतो, मूळ प्रती सात लागतील, पैसे तेवढेच. हा लेख छापायला जाईपर्यंत त्यातली पाच मुखपृष्ठे तयार होती.