स्विचच्या पाठीमागचा सांधा

खड्ड्यात चाक आदळलं की दोन्ही हेडलाइट क्षणभर जातात आणि लगेच परत येतात. जुनी अँबेसेडर बाळगणाऱ्याला हे लक्षण चांगलं ठाऊक असतं. हुबळी-धारवाडच्या मधला पी. बी. रोड आता रुंद झाला आहे, चिगरी बसला तिची वेगळी मार्गिका मिळाली आहे आणि रस्त्यावर दिवेही भरपूर आहेत. पण यल्लापूरच्या पुढे अरबैल घाटात, किंवा रामनगरवरून अनमोडकडे जाताना भर पावसात असे दिवे गेले, तर तो एक क्षण जिवावर बेतू शकतो. म्हणूनच या एवढ्याशा दोषाबद्दल नीट लिहायला हवं. मालक आधी बल्ब बदलतो, मग बॅटरीला दोष देतो, शेवटी नवा स्विच आणतो. दोष मात्र अनेकदा स्विचच्या पाठीला वायर जिथे जोडली जाते, त्या पितळी सांध्यात बसलेला असतो.

दुरुस्तीची विद्या या जोडशहरात जुनी आहे. सदर्न मराठा रेल्वेचं मुख्यालय धारवाडला होतं. आज कर्नाटक कॉलेज जिथे भरतं ती इमारत मुळात त्या कंपनीची. हुबळीचं रेल्वे वर्कशॉप १८८५ पासूनचं. पुढे गोकुळ रोडची औद्योगिक वसाहत आली, एसटीसारख्या सरकारी बसगाड्या चालवणाऱ्या वायव्य कर्नाटक महामंडळाचं मुख्यालय हुबळीत आलं, धारवाडजवळ टाटांचा कारखाना उभा राहिला. लेथ, वाइंडिंग, बॅटरी, वायरिंग यांची छोटी दुकानं अशा गावात टिकतात. त्यातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम मला सगळ्यात नाजूक वाटतं. फिटरला झिजलेला भाग निदान डोळ्यांना दिसतो. याला न दिसणारा करंट कुठे अडला आहे ते शोधायचं असतं.

अँबेसेडर म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. बंगालमधल्या उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने ती १९५७ पासून २०१४ पर्यंत बनवली. जुन्या मॉडेलांत डॅशबोर्डवर ओढायचा स्विच आणि क्लचच्या डावीकडे, फरशीवर, पायाने दाबायचा डिपर. पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी थेट त्या डिपरवर गळतं. वायरिंग ल्युकासच्या पद्धतीचं: तपकिरी वायर बॅटरीकडून येणारी, निळी हेडलाइटची, डिपरपासून पुढे निळी-पांढरी अप्परची आणि निळी-लाल डिपरची, काळी अर्थिंगची. हा संकेत पाठ असला की अर्धं काम सोपं. मात्र तीस-चाळीस वर्षांच्या गाडीत मूळ रंग सलग सापडतीलच असं नाही. कुठे घरगुती फिटिंगची लाल वायर जोडलेली असते, कुठे स्पीकरची. अशा वेळी रंगावर विसंबू नये, टोकापासून टोकापर्यंत वायर तपासावी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभारलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्याला तयार झालेली पद्मिनी याच वयाची. तिचं वायरिंग वेगळं, दुखणं मात्र हेच.

सांधा का जळतो, ते समजून घेण्यासारखं आहे. बारा व्होल्टच्या गाडीत ६० वॅटचा एक बल्ब पाच अँपिअर घेतो, दोन मिळून दहा. हा सगळा करंट स्विचमधून आणि त्याच्या पाठीच्या पितळी पट्टीवरून जातो. पट्टी गंजली, किंवा तिची पकड सैल झाली, आणि तिथे ओहमचा फक्त दहावा भाग अडथळा तयार झाला, तरी एक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो आणि नखाएवढ्या जागेत दहा वॅटची उष्णता साठते. त्या उष्णतेने पितळेची स्प्रिंग मरते, पकड आणखी ढिली होते, अडथळा वाढतो, उष्णता वाढते. इकडे बल्बला बाराऐवजी अकरा व्होल्ट मिळाले की उजेड साधारण पाव हिश्श्याने घटतो, कारण फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने कमी होतो. त्यात त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत हेडलाइटच्या मुख्य वायरीला फ्यूजच नसे. त्यामुळे सांधा तापत राहिला तरी मध्ये अडवणारं काही नाही. जळक्या बॅकेलाइटचा वास येतो तेव्हाच कळतं.

शोधताना चांगले मिस्त्रीसुद्धा इथे फसतात. टेस्ट लॅम्प लावला तर तो पेटतो, कारण त्याला करंट अगदी थोडा लागतो आणि तेवढा खराब सांध्यातूनही जातो. दिवे बंद ठेवून मीटर लावला तर तोही पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. म्हणजे सगळं ठीक, असा निष्कर्ष निघतो आणि बिचारा चांगला स्विच मोडीत जातो. खरी पद्धत अशी: हेडलाइट चालू ठेवायचे, मीटरची एक पिन सांध्याच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे टेकवायची. सांधा निरोगी असेल तर दशांश व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी आकडा येतो. पाऊण-एक व्होल्ट दिसला, की चोर सापडला. मला या तपासणीचं फार कौतुक वाटतं. काहीही न उघडता, न तोडता, दोष नेमका कुठल्या इंचात आहे ते ती सांगते.

मग बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून कनेक्टर बाहेर घ्यावा. जळलेली पट्टी एका नजरेत ओळखू येते. चांगलं पितळ पिवळं असतं, हे जांभळट काळं पडलेलं. भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन एका बाजूला ओघळलेलं, वायरीचं आवरण बोटाने वाकवलं तर कडकन तडकतं. आवरण सोललं की आतल्या तारा काळ्या निघतात, आणि हा काळेपणा बरेचदा दोन इंच आतपर्यंत गेलेला असतो. लालसर, चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापलीच पाहिजे. काळ्या तारेवर नवा टर्मिनल बसवणं म्हणजे दोष पुन्हा पेरणं. वायर आखूड पडली तर त्याच जाडीचा तुकडा वाढवावा. टर्मिनल क्रिंपिंगच्या हत्याराने दाबावा, पकडीने चपटा करू नये. नुसत्या डाखावर मी विसंबणार नाही. डाखाने तार कडक होते आणि धक्के बसून त्या कडेलाच तुटते. तारा पिळून वर काळी टेप गुंडाळण्याची सवय तर साफ सोडायला हवी. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो आणि दुखणं पुढच्या माणसाच्या गळ्यात पडतं.

उजेड वाढावा म्हणून १०० वॅटचे बल्ब घालणारे पुष्कळ भेटतात. असे दोन बल्ब जवळजवळ सतरा अँपिअर ओढतात, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्यामुळे सांध्यावरचा ताप पावणेतीन पट होतो. शिवाय समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. ६० वॅटच्या बल्बला पूर्ण बारा व्होल्ट पोचवले तर घाटातही पुरेसं दिसतं. त्यासाठी दोन रिले बसवावेत, एक अप्परला, एक डिपरला. बॅटरीपासून फ्यूजमधून जाड वायर रिलेच्या ३० नंबरवर, ८७ वरून बल्बला. डिपरकडून आलेली जुनी वायर ८६ वर आणि ८५ अर्थला. आता मूळ स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, एक अँपिअरही नाही. दुर्मीळ झालेला जुना स्विच त्यामुळे पुढे कित्येक वर्षं टिकतो.

जुन्या गाड्यांचे काही शौकीन रिलेला नाक मुरडतात, गाडी अस्सल राहत नाही म्हणतात. मला हे पटत नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हीए’ मालिकेतली व्हिंटेज नोंदणी मिळते, आणि तिथे पाहिलं जातं ते चॅसी, बॉडी आणि इंजिन मुळातलं आहे की नाही. बॉनेटखाली आडोशाला बसवलेला, मूळ वायर न कापता जोडलेला रिले हवा तेव्हा काढता येतो. जळलेला हार्नेस मात्र परत मिळत नाही.

काम झाल्यावर गाडी तशीच सोपवू नये. बल्बची काळी वायर पत्र्याला जिथे स्क्रूने बसते तिथला रंग आणि गंज घासून अर्थिंगही तपासावं. धारवाडच्या भिजपावसात ही जागा स्विचइतकीच लवकर खराब होते. इंजिन चालू ठेवून अर्धा तास दिवे लावावेत, मग नव्या सांध्याला बोट लावून बघावं. बोट सहज टेकलं पाहिजे. चटका बसला तर क्रिंप पुन्हा करायचा, आणि मीटर पुन्हा लावायचा.