खिडक्या बदलण्याचा हिशेब

उन्हाळा तोंडावर आला, की नागपूर-अकोल्याकडील अनेक घरांत जुन्या लाकडी खिडक्या काढून त्या जागी ॲल्युमिनियमच्या चौकटीतील दुहेरी काचांच्या खिडक्या बसविण्याचा विचार बळावतो. घर थंड राहील आणि विजेचे बिल उतरेल, असे आश्वासन विक्रेता देत असतो. नोकरदार कुटुंबाला हा खर्च लहान नव्हे. प्रसंगी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम उचलून तो केला जातो. तेव्हा हे आश्वासन आधी कागदावर तपासून पाहणे इष्ट.

दुहेरी काचेचा प्रसार झाला तो मुख्यतः थंड हवेच्या देशांत. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात घराच्या आतल्या व बाहेरच्या तापमानात पंधरा अंशांचे अंतर असणे नित्याचे, आणि ते महिनोन् महिने रात्रंदिवस टिकते. तेथे दोन काचांमध्ये कोंडलेली हवा आपले मोल वसूल करून देते. विदर्भातील स्थिती निराळी आहे. दीड चौरस मीटरची एक खिडकी घेऊ. एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकामागे सुमारे ५.७ वॅट उष्णता आत येते; साध्या दुहेरी काचेतून सुमारे २.८. बाहेर ३८ आणि आत २६ अंश धरले, तर बचत होते जेमतेम ५२ वॅट उष्णतेची. वातानुकूलन यंत्र एक भाग वीज खर्चून साधारण तीन भाग उष्णता बाहेर टाकते. म्हणजे वाचणारी वीज १७-१८ वॅट. रोज आठ तास व वर्षातील शंभर दिवस यंत्र चालले, तर ही बचत १४ युनिटांची. दहा रुपये दराने वर्षाकाठी १४० रुपये! उन्हातील थोडी घट जमेस धरून ही रक्कम दुप्पट मानली आणि खिडकीचा खर्च १५ हजार धरला, तरी तो भरून निघण्यास पन्नासाहून अधिक वर्षे लागतात. व्याजाची गोष्ट वेगळीच. शिवाय ॲल्युमिनियम हा धातू लाकडाच्या हजार पटींहून अधिक सुलभतेने उष्णता वाहून नेतो, याची वाच्यता विक्रेता सहसा करीत नाही.

खरा शत्रू आहे तो काचेवर थेट पडणारे ऊन. पश्चिमेच्या खिडकीवर दुपारी दर चौरस मीटरला ५०० वॅटच्या आसपास ऊन पडू शकते, आणि साधी दुहेरी काचही त्यातील बराच मोठा भाग आत सोडते. लेप दिलेली काच ते पुष्कळ अडविते. पण किंमत आणखी चढते. तेच ऊन बाहेरच्या बाजूस टांगलेला बांबूचा चिक काचेपर्यंत पोचूच देत नाही. आतला पडदा हे काम तितक्या चांगल्या रीतीने करू शकत नाही, कारण तोवर ऊन घरात शिरलेले असते. वाळ्याच्या ताट्या बाहेरून लावणाऱ्या जुन्या पिढीला हे आकडेमोडीवाचून ठाऊक होते.

कूलर वापरणाऱ्या घरांना तर ही अदलाबदल अडचणीचीच ठरते. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. तिला बाहेर पडण्यास उघडी खिडकी लागते. सरकत्या दोन झडपांची खिडकी फार तर अर्धी उघडते. ज्यांचे घर वाहत्या रस्त्यावर आहे, त्यांनी आवाज अडविण्यासाठी दुहेरी काच अवश्य बसवावी. मात्र तो खर्च शांततेचा समजावा.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या २०१८ सालच्या 'इको-निवास संहिते'त नव्या निवासी इमारतींसाठी भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा सुचविली आहे, तसेच उघडता येणाऱ्या खिडक्यांचे किमान प्रमाणही. उभ्या इमारतींत मात्र अडथळा निराळाच असतो: बाहेरून चिक टांगला तर दर्शनी भाग विद्रूप होतो, ही गृहनिर्माण संस्थेच्या समितीची हरकत. सर्व सदनिकांना एकाच रंगाचे चिक लावण्याचा ठराव वार्षिक सभेत संमत करून घेतला, तर ही हरकत उरत नाही.