बेडूक हवा ढकलतो, आपण ती ओढतो

पावसाळ्यात विहिरीच्या काठावर बसलेल्या बेडकाकडे जरा निरखून पाहा. त्याचा गळा सारखा थडथडत असतो, छाती मात्र आपल्यासारखी वरखाली होत नाही. बेडूक धापा टाकतो आहे असे आपल्याला वाटते. पण तसे नाही. त्याची श्वास घेण्याची रीतच वेगळी आहे.

आपण श्वास घेतो तेव्हा फुफ्फुसांखालचा श्वासपटल हा स्नायूंचा पडदा खाली सरकतो आणि बरगड्या वर उचलल्या जातात. छातीची पोकळी मोठी झाली की आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत शिरते. म्हणजे आपण हवा ओढून घेतो.

बेडकाला श्वासपटल नाही आणि बरगड्यांचा पिंजराही नाही. त्याचा भाता म्हणजे त्याचे मिटलेले तोंड. तोंडाचा तळ खाली गेला की नाकपुड्यांतून ताजी हवा तोंडात येते. मग कंठद्वार उघडते आणि फुफ्फुसांतली जुनी हवा बाहेर पडते. लगेच नाकपुड्या मिटतात, तळ वर उचलला जातो आणि तोंडातली हवा फुफ्फुसांत ढकलली जाते. सायकलच्या ट्यूबमध्ये पंपाने हवा भरावी, तसाच हा प्रकार.

आपल्या फुफ्फुसांत ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. बेडकाची फुफ्फुसे म्हणजे आत थोडे कप्पे असलेल्या दोन पिशव्या. तेवढ्यावर त्याचे भागते, कारण थंड रक्ताच्या प्राण्याला प्राणवायू कमी लागतो. शिवाय त्याची कातडीही श्वास घेते. कार्बन डायऑक्साइड तर बहुतांशी तिच्यातूनच बाहेर जातो. त्यासाठी ती ओली राहावी लागते. पण अशा कातडीतून शेतातली कीटकनाशकेही सहज आत शिरतात.

बेडकाच्या या रीतीला मागासलेली मात्र म्हणू नका. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. अनेक रुग्णांचे श्वासाचे स्नायू लुळे पडले. तेव्हाचे ‘लोखंडी फुफ्फुस’ हे यंत्र शरीराभोवतीचा दाब कमी करून छाती फुगवी, म्हणजे आपल्याच रीतीने चाले. पण यंत्रे थोडी आणि रुग्ण फार. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी पिशवी दाबून हवा आत ढकलली. मुलगी वाचली. मग वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस हातांनी पिशव्या दाबून कितीतरी जीव जगवले.

२०२० च्या कोविडसाथीत घरोघरी माहीत झालेला व्हेंटिलेटर याच तत्त्वावर चालतो. मात्र आपली फुफ्फुसे असा रेटा सोसण्यासाठी घडलेली नाहीत. दाब वाढला तर नाजूक वायुकोशांना इजा होते. म्हणून अतिदक्षता विभागातले डॉक्टर त्या यंत्राच्या आकड्यांवर सतत नजर ठेवून असतात.