कुमारी माता, तिचे बाळ आणि आपले धर्मग्राम

पैनगंगेपलीकडील झरी जामणी तालुक्याचे नाव गेली अनेक वर्षे वर्तमानपत्रांत एका दुःखद शब्दाबरोबर छापले जाते : कुमारी माता. तेथील कोलाम वस्त्यांतील मुली लग्नाच्या आमिषाला बळी पडल्या, गरोदर राहिल्या, आणि आमिष दाखविणारे, बहुधा कामधंद्यासाठी बाहेरून आलेले पुरुष, निघून गेले. नदी ओलांडली की कोरपना, गडचांदूर आणि पुढे जिवतीचा डोंगर लागतो. इकडेही कोलामगुडे आहेत. सिमेंटचे कारखाने, चुनखडीच्या खाणी आणि परगावचे मजूरही आहेत. तेव्हा हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्याचा, असे म्हणून तो बाजूला सारता येणार नाही. महाराष्ट्रातील कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या तीन जमाती शासनाने विशेष असुरक्षित मानल्या आहेत. त्यांपैकी एकीच्या लेकींविषयी आपण बोलत आहोत.

अशी मुलगी कधी ना कधी धर्मग्रामाच्या दाराशी येते. कधी आई तिला घेऊन येते, कधी सिस्टर्सच्या दवाखान्यात गोष्ट उघडकीस येते. त्या वेळी काय करावे हे आधीच ठाऊक असलेले बरे, कारण अशा प्रसंगी भल्या हेतूनेच अधिक चुका होतात.

पहिला प्रश्न वयाचा. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार तिच्या संमतीला अर्थ नाही, आणि ज्याला ही गोष्ट कळली त्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हाही गुन्हाच. गावातील चार वडीलधारी बसवून पैशांवर तडजोड करणे, किंवा त्याच माणसाशी घाईने लग्न लावून देणे, याने गुन्हा मिटत नाही. उलट २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याचा भंग त्यात भर घालतो. बदनामीच्या भीतीने मुलीला दवाखान्यापासून दूर ठेवले जाते, हे तर सर्वांत घातक. अल्पवयीन मुलीचे बाळंतपण आधीच जोखमीचे असते. पीडितेची ओळख प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे, हे तिच्या आईवडिलांना शांतपणे समजावून सांगावे.

दुसरा प्रश्न बाळाचा. एखाद्या निपुत्रिक दांपत्याला मूल गुपचूप देऊन टाकावे, असा सल्ला अजूनही दिला जातो. आपल्यातले सज्जनही तो देतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार हा गुन्हा आहे. मूल सांभाळणे खरोखर अशक्य असेल तर आईने ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे स्वाधीन करावयाचे असते, आणि फेरविचारासाठी तिला साठ दिवसांची मुदत मिळते. त्या साठ दिवसांत पुष्कळ आयांचे मन बदलू शकते. म्हणूनच ती मुदत आहे. टाकून दिलेले मूल कोणाला सापडले, मग ते कॉन्व्हेंटच्या पायरीवर का असेना, तर चोवीस तासांच्या आत बालकल्याण समिती, पोलीस किंवा १०९८ या क्रमांकावर कळविले पाहिजे.

आईला मूल हवे असेल तर तिची वाट कायद्याने पूर्वीपेक्षा सोपी केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी दिलेल्या निकालानुसार, वडिलांचे नाव न सांगताही अविवाहित माता आपल्या मुलाची पालक होऊ शकते, आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला दिला पाहिजे. ज्या मातेच्या अर्जावर हा निकाल झाला ती ख्रिस्ती होती, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. मुलाच्या वडिलांचा पत्ता लागला तर त्यांच्याकडून पोटगी मागता येते. विवाहबाह्य संततीलाही तो हक्क आहे. शिवाय राज्य शासनाच्या बाल संगोपन योजनेत अविवाहित मातेचे मूल बसते. या योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव असून २०२३ मध्ये तिची रक्कम महिना २,२५० रुपये करण्यात आली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे करावा लागतो. डोंगरावरून चंद्रपूरपर्यंतचे हेलपाटे आणि कागदपत्रे यांतच पुष्कळांचा धीर सुटतो. येथे धर्मग्रामातील एखाद्या निवृत्त शिक्षकाने सोबत जाणे कोणत्याही देणगीपेक्षा मोलाचे ठरेल.

संस्थेत वाढलेल्या मुलांची अडचण वेगळी. अठरा पूर्ण झाले की बालगृह सोडावे लागते. अमरावती जिल्ह्यातील वज्झरचे शंकरबाबा पापळकर हे वर्षानुवर्षे सांगत आले की दिव्यांग अनाथांनी अठराव्या वर्षी जावे तरी कोठे? आपल्या मुलांना त्यांनी स्वतःचे आडनाव दिले, कित्येकांची लग्ने लावली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अनुरक्षण गृहांची सोय साधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत आहे. २०१८ पासून शासकीय नोकरी व शिक्षणात अनाथांसाठी एक टक्का आरक्षणही आहे. मात्र अनाथ प्रमाणपत्र हाती हवे आणि ते बालगृह सोडण्यापूर्वीच काढून घ्यावे.

ख्रिस्तसभेच्या बाजूने पाहता, एकट्या मातेला लाजेपोटी ख्रिस्तप्रसादापासून दूर राहावे लागू नये, असे रोमच्या श्रद्धाविषयक विभागाने डिसेंबर २०२३ च्या पत्रात स्पष्ट केले आहे. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत तिने लेखी मागणी केल्यास तिचे नाव आई म्हणून लिहिले जाते. पित्याचा रकाना रिकामा राहिला म्हणून संस्कार अडत नाही.

शेवटी भाषेची गोष्ट. कोलामी ही मराठीची बोली नव्हे. ती द्राविडी कुळातील स्वतंत्र भाषा आहे. जबाब नोंदविताना मुलीला दुभाषा मिळण्याची तरतूद पोक्सो कायद्यात आहे, पण ती मागावी लागते. गुड्यावरची कोलामी जाणणारी एखादी विश्वासू बाई आधीच शोधून ठेवावी आणि पोलीस ठाण्यात व रुग्णालयात तिला मुलीजवळ बसवावे.