पदवीची मुदत

२२ जून १९४४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी माजी सैनिकांसाठीच्या ‘जीआय बिल’वर सही केली, तेव्हा अमेरिकेला धास्ती होती ती बेकारीची. दीड कोटीहून जास्त सैनिक परतणार, त्यांना काम कुठून द्यायचे? बोनससाठी १९३२ साली वॉशिंग्टनवर धडकलेले पहिल्या महायुद्धातले सैनिक कुणी विसरले नव्हते. मग ठरले, यांना शिकू द्यावे. वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी आणि वर महिन्याचा खर्च सरकारने सोसावा. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांना वाटले, आता विद्यापीठांत भटक्यांचे तळ पडणार. झाले उलटेच. १९४७ मध्ये महाविद्यालयांतले जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते आणि चांगले नेटाने शिकत होते. (दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या हाती यातले फार थोडे लागले. या कायद्याचे गोडवे गाताना ते हटकून विसरले जाते.)

शिकणाऱ्या या सैनिकांतले कितीजण रात्री दचकून उठत, हे विचारायची तेव्हा रीतच नव्हती. जॉन ह्यूस्टन यांनी लाँग आयलंडच्या लष्करी इस्पितळातल्या, मनाने कोलमडलेल्या सैनिकांवर १९४६ मध्ये ‘लेट देअर बी लाइट’ हा माहितीपट केला. लष्कराने तो १९८० पर्यंत लोकांपुढे येऊ दिला नाही. पण या पिढीला सवड मिळाली. पोटाची काळजी नाही, दिवसाला वेळापत्रकाचा आधार, आणि शेजारच्या बाकावर तेच सारे पाहून आलेला माणूस. याला उपचार म्हणता येणार नाही. तरी नंतरच्या कितीतरी योजनांपेक्षा यात जास्त शहाणपण होते, असे मला वाटते.

व्हिएतनामच्या वेळी सरकारने हात आखडला. १९६६ च्या कायद्याने एकट्या सैनिकाला महिन्याला १०० डॉलर मिळत, फीही त्यातूनच भरायची. कॅम्पसवर युद्धाविरुद्ध मोर्चे निघत असताना ‘मी तिकडून आलोय’ हे सांगायचे तरी कुणाला? १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये काही माजी सैनिक आपापसांत बसून बोलू लागले. रॉबर्ट लिफ्टन आणि चाइम शातान हे मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसले. १९८० मध्ये ‘पीटीएसडी’ (आघातानंतरचा मानसिक ताणविकार) हे निदान अधिकृत झाले, त्यात या खटाटोपाचा मोठा वाटा होता. मात्र शिक्षणाची सवलत सैन्य सोडल्यापासून दहाच वर्षे होती. १९७० मध्ये सुटून आलेल्याची मुदत संपली, त्याच वर्षी त्याच्या आजाराला नाव मिळाले!

इराक-अफगाणिस्तानच्या पिढीसाठी व्हिएतनाममध्ये लढलेले सिनेटर जिम वेब यांनी २००८ मध्ये नवा कायदा करून घेतला. ऑगस्ट २००९ पासून सरकारी विद्यापीठाची पूर्ण फी, घरभाडे आणि पुस्तकांचे पैसे मिळू लागले. आता आजाराला नाव होते आणि हातात पैसाही. उरला प्रश्न वर्गाचा. झोप नाही, वाचलेले डोक्यात टिकत नाही, दार आपटले की अंग ताठ होते. त्यात अठरा वर्षांचा सहाध्यायी सहज विचारतो, ‘तू कुणाला मारलंस का?’ परीक्षेला जास्त वेळ, वेगळी शांत खोली, पाठ भिंतीला आणि दार नजरेत राहील अशी जागा, एवढ्याने बरेच निभावते. यातले बहुतेक फुकटात होण्याजोगे आहे. अडते ते अर्जापाशी: या सोयी अपंगत्वाच्या कार्यालयातून मिळतात, आणि त्या दारात पाऊल ठेवायला सैनिकाचे मन धजत नाही.

या साऱ्या प्रवासातला सर्वांत समंजस बदल मला २०१७ चा वाटतो. तोवर २००८ च्या कायद्याची सवलत सैन्य सोडल्यापासून पंधरा वर्षांत वापरावी लागे. ज्याला एका सत्रानंतर कॉलेज सोडावे लागले, ज्याचा त्रास वर्षांनी उफाळला, त्याला हे घड्याळ गाठणे कठीण. त्या वर्षी ती अट काढली. पण १ जानेवारी २०१३ रोजी किंवा त्यानंतर सैन्य सोडलेल्यांसाठीच. इराकच्या सर्वांत रक्तरंजित वर्षांत लढून त्याआधीच घरी परतलेल्यांची पंधरा वर्षे तशीच मोजली जात राहिली.